सोनोग्राफी नॉर्मल, तरी दुखतेच

‘पाळीत थोडंफार दुखतंच,’ आई म्हणते. ‘लग्न झालं की थांबेल,’ आजी म्हणते. पुढे मूल झाल्यावर बरे वाटेल, असे काही डॉक्टरही सांगतात. तोवर दर महिन्याला दोन दिवस कॉलेज किंवा काम बुडतच असते. सोनोग्राफीचा रिपोर्ट नॉर्मल येतो आणि दुखणे मनाचे ठरते.

एंडोमेट्रिऑसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, ओटीपोटात वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो. बीजकोशातली ‘चॉकलेट सिस्ट’ सोनोग्राफीत दिसते. पोटाच्या आतल्या आवरणावरचे बारीक ठिपके बहुधा दिसत नाहीत. ठिपके मोजके आणि वेदना असह्य, असेही असते.

पूर्वी दुर्बिणीने पोटात पाहिल्याशिवाय निदान पक्के मानत नसत. २०२२च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ही अट सैल केली. लक्षणे बोलकी असतील आणि लगेच मूल नको असेल, तर हार्मोनच्या गोळ्या सुरू करता येतात. गोळ्यांनी आराम पडला म्हणजे निदान सिद्ध झाले, असे मात्र नाही. आपल्याकडे जननमार्गाचा क्षयरोगही डोक्यात ठेवावा लागतो.

तपासणीला जाताना दोन-तीन महिन्यांची नोंद न्यावी: दुखण्याच्या तारखा, घेतलेल्या गोळ्या, शौचाला, लघवीला किंवा संबंधाच्या वेळी दुखते का. हा शेवटचा प्रश्न सासूबाई शेजारी असताना विचारला, तर उत्तर ‘नाही’च येते. डॉक्टरांनी आधी त्यांना बाहेर बसायला सांगावे.