रागाचा रकाना कुठे आहे?

गंगूबाई हनगल यांचा जन्म ५ मार्च १९१३ रोजी धारवाडात झाला. पुढे त्या हुबळीत स्थायिक झाल्या. त्यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका ‘गांधारी’ या नावाने निघाल्या. त्यांचे गुरू रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच रसिकांचे सवाई गंधर्व. जाणकार श्रोत्याला हे सांगावं लागत नाही. संगणकाच्या लेखी मात्र गांधारी आणि गंगूबाई या दोन वेगळ्या गायिका! त्यात आडनाव कुणी ‘हानगल’ लिहितं, कुणी ‘हंगल’.

हा घोळ निस्तरतो मेटाडेटा, म्हणजे माहितीविषयीची माहिती. वाचकाला वेबपानावर मजकूर दिसतो. त्याच पानाच्या कोडमध्ये यंत्रासाठी वेगळी नोंद ठेवता येते. ‘प्रकार: व्यक्ती. नाव: गंगूबाई हनगल. पर्यायी नाव: गांधारी. जन्मदिनांक: १९१३-०३-०५.’ तारीख अशी उलटी लिहिण्याला कारण आहे. ‘५/३’ म्हणजे आपल्याकडे पाच मार्च, पण अमेरिकेत तीन मे. आणखी एका रकान्यात विकिडेटासारख्या कोशातला त्या व्यक्तीचा कायमचा क्रमांक देतात. मग नाव कसंही लिहा, ओळख पक्की राहते.

हे रकाने ठरवतं कोण? मार्च १९९५मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील डब्लिन या गावी ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ एकत्र बसले. त्यातून ‘डब्लिन कोअर’ जन्माला आलं. शीर्षक, कर्ता, विषय, भाषा, हक्क असे त्याचे रकाने पुढे १५वर स्थिरावले. जून २०११मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ ही सामाईक शब्दसूची आणली. ‘जेसन-एलडी’ ही नोंद लिहिण्याची पद्धत २०१४मध्ये वेबचं अधिकृत मानक झाली. आज शोधयंत्रं अशा नोंदी सर्रास वाचतात.

आता या सूचीत गंगूबाईंचं एखादं ध्वनिमुद्रण बसवून पाहा. गायक, कालावधी, अल्बम हे रकाने झटपट भरतात. संगीतकाराच्या रकान्यापाशी हात थबकतो, कारण बंदिश परंपरेतून आलेली आणि विस्तार गायिकेचा. पट्टीसाठी रकाना आहे. पण एकाच पट्टीत मारवाही गाता येतो आणि शुद्ध कल्याणही. राग, ताल, घराणं यांना मात्र स्वतंत्र जागाच नाही. मग लोक राग शीर्षकात कोंबतात. तिथे ‘मारवा’ ही यंत्राला नुसती अक्षरं असतात. ‘मारव्यातले सगळे विलंबित ख्याल दाखव’ म्हटलं, तर त्याला नेमकं उत्तर कुठून देता येणार?

यावर काम झालेलं आहे. बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठात २०११मध्ये सुरू झालेल्या ‘कॉम्पम्युझिक’ प्रकल्पाने हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताचाही विचार केला. ‘म्युझिकब्रेन्झ’ या खुल्या कोशात राग-तालाची नोंद करता येते, तीही ठरलेल्या यादीतून निवडून. त्यामुळे ‘जयजयवंती’ आणि ‘जैजैवंती’ एकाच ठिकाणी येतात.

अशी यादी करणं एकट्या प्रोग्रामरच्या आवाक्यातलं नाही. जोडराग एक धरायचा की दोन? एकाच रागाची दोन घराण्यांतली रूपं एकाच नोंदीत घालायची का? याचा निवाडा तयार कानाचा माणूसच करू शकतो, आणि हुबळी-धारवाडच्या परिसरात अशा माणसांची वाण कधीच नव्हती. मानकं ठरवणाऱ्यांच्या बैठकीत त्यांना खुर्ची मिळाली, तर रकाने आपल्या संगीताच्या मापाचे होतील. नाहीतर दुसऱ्यांच्या मापाचे रकाने आपण भरत राहू.