मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स: एक कोटी प्रती विकल्या गेल्या, मग खेळाडू इतके नाराज का? गेमचे रिव्ह्यू कसे वाचायचे?

२०२५ च्या जूनमध्ये माझ्या मामेभावाचा फोन आला. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्याच्या सुट्टीत झेरॉक्सच्या दुकानात काम करून त्याने थोडे पैसे साठवले होते आणि त्याला 'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स' घ्यायचा होता.

"दादा, यूट्यूबवर सगळे म्हणतायत गेम भारी आहे. स्टीमवर बघितलं तर लोक नुसत्या शिव्या घालतायत. खरं कोण बोलतंय?"

मी म्हटलं, "दोघंही."

त्याला ते पटलं नाही. कुणालाच लगेच पटणार नाही. पण दीड महिना राबून साठवलेले पैसे एका गेमवर घालवायचे असतील, तर हे समजून घ्यायलाच हवं. म्हणून हा लेख. मित्रांनो, तुम्ही हा गेम कधीच घेणार नसाल तरी चालेल, कारण रिव्ह्यू वाचायची ही पद्धत कुठल्याही गेमला लागू पडते.

आधी थोडक्यात, हा गेम आहे काय?

मॉन्स्टर हंटर ही जपानच्या कॅपकॉम कंपनीची मालिका. पहिला गेम २००४ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला. जपानमध्ये ती खरी पसरली ती पीएसपी या हातात धरायच्या कन्सोलवर. चार मित्र एकत्र बसून वायरलेसने एकाच राक्षसाच्या मागे लागायचे. तिथून २०१८ मध्ये 'मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड' आला आणि मालिका जगभर पोचली. त्याच्या आजवर दोन कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या आहेत.

खेळायची पद्धत सोपी आहे. राक्षस मारायचा, त्याची हाडं, कातडी, नखं घ्यायची, त्यातून नवीन शस्त्र आणि चिलखत बनवायचं, आणि मग त्याहून मोठ्या राक्षसामागे जायचं. तुमच्या पात्राची 'लेव्हल' वाढत नाही. वाढतं ते शस्त्र, चिलखत आणि तुमचं स्वतःचं कौशल्य. शस्त्रांचे १४ प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकार म्हणजे जवळजवळ वेगळा गेमच.

माझंच मत कसं चुकलं

पुण्यात असताना माझ्या रूममेटकडे पीएस४ होता. त्यावर मी 'वर्ल्ड' खेळायला घेतला. मोठी तलवार दिसली म्हणून तीच उचलली. बटण दाबलं की माझा शिकारी आरामात तलवार उचलायचा, आरामात खाली आणायचा, आणि तोपर्यंत राक्षस तिसरीकडेच गेलेला असायचा.

मग आला अंजनाथ. टी-रेक्ससारखा दिसणारा, तोंडातून आग ओकणारा. या गेममध्ये तीनदा बेशुद्ध पडलात की मोहीम फसली. प्रत्येक वेळी मांजरं तुम्हाला हातगाडीवर घालून कॅम्पमध्ये आणून टाकतात. खेळाडू त्याला 'कार्ट होणं' म्हणतात. मी चार संध्याकाळी सलग कार्ट झालो आणि पाचव्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, "बकवास गेम आहे, कंट्रोलच नीट नाहीत."

रूममेट हसून म्हणाला, "तू त्याच्याकडे बघतच नाहीस. नुसता मारत सुटतोस."

त्याचं खरं होतं. आग ओकण्याआधी अंजनाथचा गळा पेटल्यासारखा दिसतो. पायांवर मारत राहिलं की तो कोसळतो. पाण्याच्या शस्त्राने त्याला जास्त लागतं. मोहिमेआधी कॅन्टीनमध्ये जेवून गेलं की तुमची ताकद वाढते. आणि तलवार संथ आहे ती मुद्दामच: एकदा वार सुरू केला की मध्येच थांबता येत नाही, म्हणून वार कधी करायचा हे ठरवणं हाच खेळ. मला हे काहीच माहीत नव्हतं. नाचता येईना, अंगण वाकडं!

मी तेव्हा रिव्ह्यू लिहिला असता, तर तो प्रामाणिक असता. पण वाचणाऱ्याच्या काही कामाचा नसता. मत कुणाचं आहे, तो किती तास खेळला आहे आणि कुठल्या मशीनवर, हे कळल्याशिवाय मताला अर्थ नसतो.

आता 'वाइल्ड्स'कडे: एकाच लाल अंगठ्यात तीन तक्रारी

हा गेम २८ फेब्रुवारी २०२५ ला पीएस५, एक्सबॉक्स सिरीज एक्स/एस आणि पीसीवर आला. तीन दिवसांत ८० लाख आणि साधारण महिनाभरात एक कोटी प्रती खपल्या. स्टीमवर एकाच वेळी १३ लाखांहून जास्त लोक खेळत होते. तरीही पहिल्याच दिवसापासून स्टीमवर रिव्ह्यू 'मिक्स्ड' होते, आणि जूनमध्ये अलीकडच्या रिव्ह्यूंचा शेरा 'ओव्हरव्हेल्मिंगली निगेटिव्ह'पर्यंत घसरला. वरवर बघितलं तर सगळे एकच बोलतायत असं वाटतं. वाचायला बसलात की तीन वेगळ्या तक्रारी दिसतात.

तक्रार १: "गेम चालतच नाही"

ही तक्रार मुख्यतः पीसीवाल्यांची. मोबाइलवर बीजीएमआय खेळताना तुम्ही ग्राफिक्स 'स्मूथ' करून फ्रेम रेट वाढवता ना? तोच हिशोब इथे आहे. फ्रेम रेट म्हणजे एका सेकंदात स्क्रीनवर किती चित्रं येतात. ३० ला खेळता येतं, ६० ला हाताला मोकळं वाटतं.

कॅपकॉमने सांगितलेल्या किमान गरजेत १६ जीबी रॅम आणि ७५ जीबी एसएसडी आहे. एवढं असूनही हिशोब ३० फ्रेमचाच, आणि तोही 'अपस्केलिंग' वापरून. म्हणजे गेम चित्र ७२० पिक्सेलचं काढतो आणि ताणून १०८० चं दाखवतो. त्यावरची शिफारस ६० फ्रेमची होती, पण 'फ्रेम जनरेशन' धरून. यात दोन खऱ्या चित्रांच्या मधलं एक चित्र कार्ड स्वतः बनवून घुसवतं. डोळ्यांना हालचाल गुळगुळीत दिसते, पण बटण दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद काही वेगवान होत नाही.

या गेममध्ये हे का टोचतं? कारण शेपटी अंगावर येण्याच्या नेमक्या क्षणी बाजूला उडी मारणं हाच सगळा खेळ आहे. चित्र अडकलं की उडी चुकते. गाडीच्या रेसमध्ये खपून जाईल असा अडथळा इथे थेट कार्ट करतो.

कन्सोलवर चित्र वेगळं आहे. तिथे रिझोल्यूशनला प्राधान्य द्यायचं की फ्रेम रेटला, हे निवडता येतं. फ्रेम रेट निवडला की चित्र थोडं धूसर दिसतं अशी कुरकुर झाली, पण 'चालतच नाही' असं फारसं कुणी म्हटलं नाही. म्हणजे एकच गेम, पण मशीन बदललं की मत बदललं.

तक्रार २: "फारच सोपा आहे"

ही जुन्या खेळाडूंची. आधीच्या गेममध्ये एका भागातून दुसऱ्यात जाताना लोडिंग स्क्रीन यायची. राक्षस हरवू नये म्हणून त्याच्यावर रंगाचा गोळा फेकावा लागायचा. औषध प्यायल्यावर शिकारी तिथेच उभा राहून दंड फुगवून दाखवायचा आणि तेवढ्यात राक्षस येऊन उडवायचा!

'वाइल्ड्स'मध्ये सेक्रेट नावाचं वाहन आहे. ते स्वतःहून तुम्हाला राक्षसापर्यंत नेतं, पडलात तर उचलून घेतं. 'फोकस मोड'मुळे वाराची दिशा नीट धरता येते. एकाच जागी मारत राहिलं की जखम होते, आणि जखमेवर नेमका घाव घातला की राक्षस डगमगतो. त्यामुळे शिकार लवकर संपते.

शेकडो तास घालवलेल्या माणसाला हे मिळमिळीत वाटणार. पण चार संध्याकाळी अंजनाथकडून मार खाल्लेल्या माझ्यासारख्याला? मला हा गेम आधी मिळाला असता तर मी पाचव्या दिवशी सोडला नसता. 'सोपा' ही तक्रार वाचताना आधी स्वतःला विचारा, मी नवीन आहे की जुना?

तक्रार ३: "कथा संपली, आता करू काय?"

पहिला भाग बराचसा कथेचा आहे. चालत जा, गप्पा ऐका, मग शिकार. ती संपल्यावर पुन्हा पुन्हा करण्यासारखं कमी आहे असं लोकांना वाटलं. यात तथ्य आहे. खेळाडूंनी एकत्र जमायची मोठी जागाही सुरुवातीला नव्हती, ती एप्रिलच्या अपडेटमध्ये आली.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. जुने खेळाडू तुलना कशाशी करतात? 'वर्ल्ड'शी. पण त्यांच्या आठवणीतल्या 'वर्ल्ड'मध्ये नंतरची सगळी मोफत अपडेट्स आणि २०१९ चा 'आइसबोर्न' हा मोठा विस्तारही मिसळलेला असतो. नुकत्याच आलेल्या गेमची तुलना दीड-दोन वर्षं वाढलेल्या गेमशी होते. 'वाइल्ड्स'मध्येही एप्रिलमध्ये मिझुत्सुने, जूनअखेर लागियाक्रस आणि डिसेंबरमध्ये गोगमाझियोस असे राक्षस मोफत आले, पीसीवर गेम नीट चालावा म्हणून दुरुस्त्याही आल्या. म्हणजे मार्चमधलं मत आणि डिसेंबरमधलं मत, दोन्ही खरी असली तरी ती एकाच गेमबद्दल नाहीत.

मग कौतुक कशाचं?

शस्त्र हातात घेतल्यावर वजन जाणवतं, हे जवळजवळ सगळे मान्य करतात, लाल अंगठा देणारेसुद्धा. हवामान बदलतं तसा सगळा परिसर बदलतो: वादळात उजाड असलेला भाग नंतर हिरवागार होतो. पीएस५, एक्सबॉक्स आणि पीसीवाले मित्र एकत्र खेळू शकतात, ही सोय मालिकेत पहिल्यांदाच आली. आणि गेममधलं जेवण! ते बघून भूक लागते.

रिव्ह्यू वाचताना मी काय बघतो

१. किती तास खेळून लिहिलंय? स्टीमवर प्रत्येक रिव्ह्यूबरोबर हे दिसतं. दोन तासांचं मत आणि दोनशे तासांचं मत वेगळं वाचा.

२. कधी लिहिलंय? स्टीम 'सगळे' आणि 'अलीकडचे' असे दोन शेरे देतं. अलीकडचा म्हणजे साधारण मागच्या ३० दिवसांतला.

३. मशीन कोणतं? तुमच्यासारखा लॅपटॉप असलेल्या माणसाचा एक रिव्ह्यू बाकीच्या शंभरांपेक्षा तुमच्या कामाचा.

४. तक्रार कुठल्या प्रकारची? मशीनची, कठीणपणाची की आशयाची? त्यातली तुम्हाला लागू पडणारी तेवढीच मोजा.

५. पैसे परत मिळण्याचा नियम आधी वाचा. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर परतावा मागता येतो. पण 'वाइल्ड्स' पहिल्यांदा उघडल्यावर शेडर तयार करण्यात बराच वेळ जातो, आणि गेम उघडा असल्यामुळे तोही खेळण्याच्या वेळेत धरला जातो. हे नंतर कळलं तर बैल गेला नि झोपा केला.

फक्त मोबाइल असेल तर?

'मॉन्स्टर हंटर नाऊ' सप्टेंबर २०२३ मध्ये आला. नियान्टिक आणि कॅपकॉमने मिळून बनवला. उतरवून घ्यायला मोफत, आत खरेदीचे पर्याय आहेत. पोकेमॉन गोसारखं बाहेर चालायचं आणि भेटलेल्या राक्षसाला ७५ सेकंदांत हरवायचं. टॅप केलं की वार, स्वाइप केलं की चुकवणं. मोठ्या गेमची खोली यात नाही, पण 'आधी बघा, मग मारा' ही सवय आपल्याला जमते का, हे एक पैसा न घालवता कळतं. जीपीएस सतत चालू राहतं, त्यामुळे बॅटरी मात्र झपाट्याने उतरते. आणि रस्त्यावर चालताना नजर समोर ठेवा.

शेवटी मामेभावाने काय केलं?

कॅपकॉमने स्टीमवर 'वाइल्ड्स'चं मोफत बेंचमार्क ठेवलंय. ते तुमच्या मशीनवर गेम कसा चालेल हे दाखवतं. मी त्याला म्हटलं, पैसे नंतर भर, आधी हे चालवून बघ. त्याच्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम. सगळ्या सेटिंग तळाला नेल्या तरी चित्रं अशी येत होती की जणू कुणी फोटोंचा अल्बम चाळतोय. तो थोडा हिरमुसला. मग सेल लागल्यावर त्याने 'वर्ल्ड' घेतला, जो ८ जीबीवर चालतो, आणि उरलेल्या पैशांतून रॅम वाढवायचं ठरवलं.

तीन आठवड्यांनी पुन्हा फोन.

"दादा, त्या अंजनाथने आज पण कार्ट केलं. कंट्रोलच नीट नाहीत रे. बकवास गेम आहे."

"किती तास झाले?"

"सहा."

"मग अजून रिव्ह्यू लिहू नकोस. आणि त्याच्या गळ्याकडे बघ."