खानदेशच्या हवेंत नादलहरीची लांबी

नाद म्हणजे हवेंतील कंप होय, हें आपण सर्वच शिकलों आहों. तंबोऱ्याची तार छेडिली असतां ती पुढें-मागें हालते, शेजारच्या हवेस एकदां दाबते व एकदां सैल सोडते. आणि दाट व विरळ थरांची ही परंपरा आपल्या कानापर्यंत येऊन पोंचते. एका दाट थरापासून लगतच्या दुसऱ्या दाट थरापर्यंतचें जें अंतर, त्यास तरंगलांबी म्हणतात. हें अंतर डोळ्यांस दिसत नाहीं. तथापि तें गणितानें काढतां येतें व साध्या नळीनें मोजतांही येतें. तें कसें, हें आपल्या प्रांताच्या हवेस धरून येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

समजा, एक नादकांटा सेकंदास ५१२ वेळां कंप पावतो. त्याची पहिली लहर एका सेकंदांत जितकी दूर जाईल, तितक्या अंतरांत मागील सर्व लहरी ओळीनें मावल्या पाहिजेत. ५१२ लहरींस इतकें अंतर, तर एकीस किती? हें केवळ त्रैराशिक होय. भास्कराचार्यांनीं लीलावतींत त्रैराशिकास मोठें स्थान दिलें आहे. आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें स्थापिलेल्या मठाचा शके ११२८ चा शिलालेख चाळीसगांवानजीक पाटण येथें सांपडला आहे. तेव्हां हें गणित खानदेशास परकें नव्हे. नादाच्या वेगास कंपनसंख्येनें भागिलें कीं तरंगलांबी मिळते.

परंतु वेग कोणता घ्यावा? येथेंच पुष्कळ विद्यार्थी फसतात. पुस्तकांत ३३० किंवा ३४० मीटर हा आंकडा छापलेला असतो व तोच सर्वत्र वापरला जातो. वस्तुतः शून्य अंश सेंटिग्रेडला कोरड्या हवेंत नाद सेकंदास सुमारें ३३१ मीटर जातो, आणि उष्णतेच्या प्रत्येक अंशागणिक हा वेग सुमारें ०.६ मीटर वाढतो. कारण तापलेल्या हवेचे कण अधिक त्वरेनें हालतात व धक्का पुढें लवकर पोंचवितात. आतां वैशाखांत जळगांवीं दुपारीं पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. त्या वेळीं वेग ३३१ + २७ म्हणजे ३५८ मीटर, व आपल्या नादकांट्याची तरंगलांबी ६९.९ सेंटिमीटर. पौषांत धुळ्यास पहाटे पारा १० अंशांवर आला, तर वेग ३३७ मीटर व तरंगलांबी ६५.८ सेंटिमीटर. कांटा तोच, स्वर तोच. लहरींत मात्र चार सेंटिमीटरांचें अंतर पडलें!

याचा पडताळा असा घ्यावा. उंच जारांत पाणी भरून त्यांत दोन्ही टोकें उघडीं असलेली कांचेची नळी उभी धरावी व तिच्या तोंडाशीं वाजता नादकांटा न्यावा. नळी हळूहळू वर उचलतांना एके ठिकाणीं आवाज एकदम मोठा होतो. आणखी उचलल्यास पुन्हां एकदां तसाच होतो. दोन्ही वेळां पाण्यावरील हवेच्या स्तंभाची लांबी मोजावी. २७ अंशांच्या हवेंत, तीन सेंटिमीटर व्यासाच्या नळींत, पहिली सुमारें १६.१ व दुसरी ५०.० सेंटिमीटर यावी. दोहोंतील अंतर ३३.९ ही अर्धी लहर. म्हणून पूर्ण लहर ६७.८ सेंटिमीटर. केवळ पहिल्या लांबीची चौपट केल्यास उत्तर कमी येतें. कारण हवेचा कंप नळीच्या तोंडाबाहेरही किंचित् पसरतो. वजाबाकीनें ती चूक आपोआप नाहींशी होते.

हा भेद केवळ प्रयोगशाळेंतला आहे असें कोणी समजूं नये. बांसरीची लांबी ठरलेली, म्हणून तींतील लहरीचीही लांबी जवळजवळ ठरलेली. मग वेग वाढला कीं स्वरच चढतो. आंतील हवाही पूर्ण १० अंशांवरून ४५ अंशांवर गेली, तर तो सुमारें अर्धा स्वर चढेल. वादकाचा श्वास ऊनच असल्यामुळें प्रत्यक्षांत इतका फरक पडत नाहीं. तरीही कानास तो कळतो. पेटीचा स्वर पितळेच्या पट्टीवर अवलंबून असल्यानें उन्हाळ्यांत ती जागची फारशी हालत नाहीं, व बांसरी तिच्याशीं जुळेनाशी होते. दोष वादकाचा नसतो, हवेचा असतो.

म्हणून विद्यार्थिमित्रांस आमची इतकीच सूचना आहे कीं, नादाचें कोणतेंही उदाहरण सोडविण्यापूर्वीं अगोदर भिंतीवरील उष्णतामापक पाहावा.