पक्षी पाहायचे, तर तिथी पाहा

नाताळच्या सुट्टीत पालघरच्या किनाऱ्यावर पक्षी पाहायला निघालात, तर दुर्बिणीआधी पंचांग उघडा! आमची पहिली सहल अष्टमीची. भर दुपारी बाराला केळव्याला पोचलो, तर ऐन ओहोटी. किनारा सपाट, पाणी दूर गेलेले, आणि पक्षी म्हणजे नुसते ठिपके.

भरतीचा कोकणी हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा. आठ पाऊणे सहा. म्हणजे अष्टमीला भरती सहाच्या, ओहोटी बाराच्या सुमारास. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, तशी भरतीही मागे सरकते.

म्हणून द्वादशी गाठा. भरती नऊच्या सुमारास. बोईसरला उतरून साडेसातपर्यंत चिंचणी-तारापूरचा किनारा गाठा. समुद्र पश्चिमेला, म्हणजे सूर्य तुमच्या पाठीशी, आणि चढते पाणी पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलत आणते. आखूड चोचीचा चिखल्या वरवरचे किडे टिपतो. कर्ल्यूची लांब, वाकडी चोच वाळूत खोल शिरते. चिखल्यांतले काही थेट लडाख-तिबेटच्या पठारांवरून आलेले असतात.

पाणी काठाला भिडले, की थवे कोरड्या वाळूवर स्वस्थ उभे राहतात. तेव्हा जवळ जाऊन त्यांना उडवू नका. पाणी ओसरेपर्यंत त्यांचे ताट झाकलेले असते.