कमरेतली सुई, उतरणारं बीपी आणि पोटातली मोठी शीर

भिवंडीत कुणाच्या घरी सिझर किंवा हर्नियाचं ऑपरेशन ठरलं की अम्मी, खाला सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, "कमरेत सुई देणार का?" या सुईला स्पायनल भूल म्हणतात. जर्मनीचे डॉ. ऑगस्ट बिअर यांनी १८९८ मध्ये ऑपरेशनसाठी ती प्रथम वापरली.

सुईने कमरेखालचा भाग बधिर होतो. पण रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही सुन्न होतात. वाहिन्या सैल पडतात, रक्त पायांत साचतं, हृदयाकडे कमी परततं आणि बीपी उतरतं. चक्कर, मळमळ, घाबरल्यासारखं होणं, ही त्याचीच लक्षणं.

हे आधी ओळखता येईल का? त्यासाठी काही ठिकाणी भूलतज्ज्ञ सोनोग्राफीने पोटातली मोठी शीर पाहतात. शरीराच्या खालच्या भागातलं रक्त ती हृदयाकडे नेते. श्वास घेताना ती आकसते, सोडताना फुगते. हिशेब शाळेतल्या टक्केवारीचाच आहे: फुगलेली शीर २० मिलिमीटर आणि आकसलेली १० असेल, तर आकसणं ५० टक्के. हे प्रमाण जास्त असेल तर शरीरात पाणी कमी असण्याची आणि बीपी उतरण्याची शक्यता वाढते. मग डॉक्टर सलाईन आणि बीपी वाढवणारं औषध आधीच तयार ठेवतात. तपासणी काही मिनिटांची असते, दुखत नाही.

मात्र हा अंदाज आहे, खात्री नव्हे. दिवस भरलेल्या बाईचं गर्भाशय याच शिरेवर दाबतं, त्यामुळे माप फसवंही ठरतं. म्हणून सिझरच्या टेबलावर तिला जरा डाव्या कुशीकडे कलवतात.

आता आपल्या घरातली गोष्ट. रमजानमध्ये काहीजणी रोजा असल्याचं डॉक्टरांना सांगत नाहीत. दिवसभर पाणी नसलेल्या शरीरात बीपी जास्त उतरू शकतं. आजारी माणसाने रोजा नंतर पूर्ण करावा, ही सवलत सूरह बकरहच्या १८४ आणि १८५ व्या आयतीत दिली आहे. सहरीत काय खाल्लं, पाणी कधी प्यायलं, बीपीची कोणती गोळी चालू आहे, हे सगळं भूलतज्ज्ञांना स्पष्ट सांगूया. साधारणपणे हलकं जेवण ६ तास आणि साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. पण आपल्या रुग्णासाठी डॉक्टर सांगतील तेच पाळायचं.

अल्लाह सर्व रुग्णांना शिफा देवो, आमीन.