गोल ओंडक्याचे यंत्र घेताना

रशिया आणि फिनलंडमध्ये पाइन व स्प्रूसच्या ओंडक्यांची घरे पिढ्यान्पिढ्या बांधली जात आहेत. पूर्वी सुतार कुऱ्हाडीने ओंडका घडवीत असे. आता एकाच मापाचे गोल ओंडके यंत्रावर निघतात. पण यंत्र कोणते घ्यावे, इथेच नवख्याची पूंजी अडकते.

यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची. एकात ओंडका दोन्ही टोकांना पकडतात व कटर लांबीभर सरकते. काम संथ, पण ओंडका सरळ निघतो. दुसऱ्यात ओंडका फिरत्या पात्यांमधून पुढे जातो. माल भराभर निघतो, पण मूळचा बाक तसाच राहतो. भिंत रचताना तिथे फट पडते.

शिवाय गोलाई हे अर्धेच काम. खालच्या ओंडक्यावर बसणारी लांब खाच आणि कोपऱ्याची आडवी खाच त्याच यंत्रावर होते का, हे विचारावे. नाहीतर दुसऱ्या यंत्राचा खर्च आलाच.

आम्ही कापडवाले जुना माग चालताना पाहिल्याशिवाय बयाणा देत नाही. इथेही तोच कायदा. आपला वाकडा ओंडका न्यावा, समोर तासून घ्यावा, दोन्ही टोके व मध्य मोजावा. माप जुळले, तरच सौदा.