भयाचा भूगोल

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राच्या वतीने निर्णय घेतो आणि त्या निर्णयांचे फलित फासे टाकून ठरते. अशा खेळात भय निर्माण करणे मुळातच अवघड असते. कारण १९७४ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने रूढ केलेल्या पद्धतीत पात्र मोहिमेगणिक बलवान होत जाते, आणि भय मात्र असहायतेवर पोसले जाते.

ट्रेसी आणि लॉरा हिकमन या अमेरिकी दांपत्याने याच खेळासाठी लिहिलेल्या आणि १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रेव्हनलॉफ्ट’ या साहसकथेत या पेचावर जे उत्तर शोधले, ते राक्षसांची संख्या वाढवण्याचे नव्हते. बारोव्हिया या दरीचा अधिपती काउंट स्ट्राड हा रक्तपिपासू पिशाच असला, तरी त्याच्या पिशाचपणामागे इतिहास आहे: धाकट्या भावाच्या वाग्दत्त वधूच्या अभिलाषेने त्याने मृत्यूशी करार केला, लग्नाच्याच दिवशी भावाचा खून केला आणि त्या तरुणीने गडाच्या तटावरून स्वतःला झोकून दिले. खलनायक तळघरात वाट पाहत बसत नाही. तो स्वतःहून पात्रांसमोर येतो, त्यांना जोखतो, माघार घेतो आणि पुन्हा येतो. दरीभोवतीच्या विषारी धुक्यामुळे पळवाटही उरत नाही.

या रचनेतील सर्वांत कल्पक भाग पत्त्यांचा आहे. खेळाचा सूत्रधार, म्हणजे कथा सांगणारा आणि नियम चालवणारा डंजन मास्टर, भविष्यकथनाच्या निमित्ताने पत्ते मांडतो आणि स्ट्राडला नमवू शकणाऱ्या वस्तू गडात कुठे दडल्या आहेत, तो स्वतः कुठे भेटेल, इतकेच नव्हे तर त्याचा हेतू काय आहे, हेही त्यांवरून ठरते. त्यामुळे एकदा खेळून गेलेल्यालाही तो गड पुन्हा अनोळखी वाटतो.

१९९० च्या ‘रेल्म ऑफ टेरर’ या संचाने एका दरीचे अनेक प्रांत केले. प्रत्येक प्रांत एका पातक्याच्या अपराधातून आकाराला आलेला असून तो पातकीच तिथला सत्ताधीश आणि तिथलाच कैदी आहे. खेळाडूच्या पात्राने दुष्कृत्य केले, तर सूत्रधार शतमान फासे टाकतो आणि अदृश्य काळ्या शक्तींनी दखल घेतल्यास पात्राला एखादे सामर्थ्य लाभते, त्यासोबत विकृतीही येते. १९८१ च्या ‘कॉल ऑफ क्थुल्हू’ या भूमिकाखेळात भयानक दर्शनाने मनःस्वास्थ्याचे गुण घटत जातात, ती युक्ती प्रभावी असली, तरी इथला नियम अधिक खोल जातो, कारण बळ मिळवण्याच्या ज्या ओढीने भयाचा घात होत होता, तीच ओढ तो भयाच्या कामी लावतो आणि खलनायक कसा घडला हे खेळाडूला स्वतःच्या निवडीतून अनुभवायला लावतो.

या जगात उणिवाही होत्या. त्यातील भटक्या ‘विस्तानी’ लोकांचे चित्रण युरोपातील रोमा समाजाविषयीच्या जुन्या पूर्वग्रहांवर उभे होते. २०२० साली प्रकाशकांनी ते जाहीरपणे मान्य केले आणि ही कबुली यायलाच हवी होती. याच जगावरील २०२१ च्या ‘व्हॅन रिख्टेन्स गाइड’ या पुस्तकात तर खेळ सुरू होण्यापूर्वीच सर्वांनी एकत्र बसून कोणते विषय कथेत नकोत हे बोलून ठरवावे, अशी सूचना आहे, आणि त्या बैठकीत सूत्रधाराइतकाच प्रत्येक खेळाडूचा शब्द ग्राह्य धरला जातो.